सूतभर उजेड

ग्योगॉनच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षी
यंत्रांना हात लावू देत नसत.
दोघांत दोन लोखंडी तुकडे, दोन कानशी
आणि सहा आठवडे.
एकानं ठोकळा घासायचा,
दुसऱ्यानं पट्टीत चौकोनी भोक पाडायचं,
आणि कसाही फिरवला तरी
ठोकळा भोकात बसला पाहिजे.

सयाजी ऊ फो चो जोड खिडकीकडे धरत,
एक डोळा मिटत,
आणि पानानं रंगलेल्या तोंडानं म्हणत,
"सूतभर उजेड येतोय, पोरी. घास."

पोरी म्हणजे मी. साठ जणांत आम्ही चौघी.
गालांवर थनाखाचा पिवळा लेप
आणि त्यावर दुपारपर्यंत ग्रीसचं एक बोट.
जोडीदार सॉ एह डो, पाथेइनकडचा करेन,
बोलायचा कमी, घासायचा फार.
माझा हात भरून आला की
माझी बाजूही घासून द्यायचा, गुपचूप.
म्हणून त्या ठोकळ्याची एकच कड गोल आहे,
जी मी त्याला घासू दिली नाही.

बाकी तेव्हाचं काय सांगू.
थेट ल्विनची स्लाइडरूल महिनाअखेरीस
इन्सेनच्या बाजारात गहाण पडायची
आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी
आम्ही वर्गणी काढून सोडवायचो.
गोड चहाचा एक कप चौघांत,
फुकटचा कोरा मात्र किटल्याच्या किटल्या,
चहावाल्याच्या कपाळाला आठ्या पडेपर्यंत.
सर्व्हेच्या तासाला मुलं थिओडोलाइट
हमखास आमच्या हॉस्टेलकडे वळवायची.
त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे,
तेव्हा काही जणांच्या आठवणीत आम्ही चौघी
अजूनही डोक्यावर चालत असणार.

मग एका मार्चमध्ये फाटक बंद झालं.
का, ते लिहीत नाही.
माहीत आहे त्यांना माहीत आहे,
आणि नाही त्यांना दोन ओळींत कळणार नाही.
हॉस्टेल रिकामं करायला दोन तास दिले होते.
माझ्या शान झोळीत ठोकळा राहिला,
त्याच्याकडे पट्टी.
तपासणी सोमवारी होती.
"सोमवारी उघडेलच," तो म्हणाला, बसच्या पायरीवरून.

कुणी म्हणतं, तो साल्वीनच्या पलीकडे गेला.
कुणी काहीच म्हणत नाही, नजर वळवतं.

मी पुढे शिकले, उशिरा, तुकड्या-तुकड्यांनी.
पंपघरं बांधली. अकरा वर्षं सिंगापुरात
केसाच्या दहाव्या हिश्शाचे हिशेब केले.
ठोकळा कागदांवर वजन म्हणून बरा होता.
विमानतळावर बॅग उघडून विचारायचे,
हे काय आहे?
मी सांगायची, गृहपाठ.

या डिसेंबरात गुरुवंदनेला गेले.
मंचावर खुर्च्यांची रांग, त्यांत उरलेले शिक्षक,
खाली साठीकडे झुकलेली पोरं
गुडघे टेकून तीनदा वाकली.
तिसऱ्यांदा उठताना
अख्ख्या सभागृहाचे सांधे वाजले,
आणि मेकॅनिकलवाले मागून ओरडले, "तेल द्या!"

ऊ फो चो नव्वदीला टेकलेले, दोन्ही डोळे गेलेले.
मी त्यांच्या तळहातावर ठोकळा ठेवला.
त्यांनी अंगठा फिरवला. पहिली कड, दुसरी.
तिसरीवर थांबले.
"ही गोल आहे, पोरी."
मग सवयीनं हात खिडकीकडे उचलला
आणि त्या दोन विझलेल्या डोळ्यांतला
एक मिटला.
"पट्टी कुणाकडे?"

मी नाव सांगितलं.

ते काही बोलले नाहीत, ठोकळा परतही दिला नाही.
तेवढ्यात मोहिंगा वाढल्याची हाक आली,
कुणीतरी सगळ्यांना दाटीवाटीनं उभं करून फोटो काढला.
तो आता माझ्या टेबलावर आहे,
जिथे कागद हल्ली उडतात.
फोटोत सगळ्या शिक्षकांचे हात
मांडीवर पालथे, सैल.
एकाची मूठ मिटलेली.