एकशे वीसच्या खाली

कातोवित्से. तळघर. मार्चचा दुसरा आठवडा.
वर ट्राम वळली की टेबल किंचित शहारतं,
म्हणून यादविगा ओल्शोक सूक्ष्मदर्शकाखाली
जुन्या टायरची कापलेली चकती सारते.
एकतीस वर्षं तीच चकती.

स्फटिक तिनेच वाढवलेला: बेरियम टायटनेट,
जळत आलेल्या साखरेच्या रंगाचा.
भट्टीतून निघतो तो जोडीनेच,
दोन पातळ पाती एका कडेला चिकटलेली,
मिटता मिटता राहून गेलेलं फुलपाखरू.
आम्ही एक पंख मोडून घेतो.

एकशे तीस अंश.
दोन पोलरायझर एकमेकांना आडवे,
मधे स्फटिक, आणि डोळ्यात नुसता काळोख.
"काळोख म्हणजे ठीक," यादविगा म्हणते,
"तिन्ही बाजू सारख्या. कुणाचा लाड नाही."

मग मी बटण खाली आणतो.
एकशे चोवीस. एकशे बावीस.
काही नाही, काही नाही, आणि
काठावरून उजेडाची एक पट्टी धावत येते,
तिच्यामागे दुसरी, मग मोजायचं राहूनच जातं.

घनाला आता एका दिशेने लांब व्हायचं असतं,
फार नाही, शंभरात एखादा भाग.
कोणती दिशा, हे सांगायला कुणी नसतं.
इथला उभा वाढतो, शेजारचा आडवा,
आणि दोघांमधे एक भिंत उभी राहते
दोघांनीही धरलेली.

"हे भांडण नव्हे हं," यादविगा.
"भांडण असतं तर तडा गेला असता."

तड्यांतलं तिला कळतं.
बितोमला तिचं घर, आणि घराखाली
शंभर वर्षं कोळसा काढून पोकळ झालेली जमीन.
नवरा, गेरार्ड, त्याच खाणीत.
कधी जेवताना हिशोब मांडायचा:
आज मी बहुतेक याच चुलीखाली होतो.
भिंतीतल्या भेगांवर त्याने
प्लास्टरने काचेच्या पट्ट्या बसवल्या,
प्रत्येकीखाली पेन्सिलने तारीख.
काच फुटली, तर भेग अजून चालते आहे.
खचणाऱ्या जमिनीवर विटेने काय करावं?
विटेला जुळं होता येत नाही.

मला मात्र जुळं नको होतं.
क्ष-किरणांना एकच दिशा हवी,
प्राध्यापकांना शुक्रवारपर्यंत.
दात कोरायची काडी घेऊन
मी कडेवर हलकेच दाब देतो
आणि पट्ट्या सरकतात, खरंच सरकतात,
गालिच्याखालची सुरकुती पायाने ढकलावी तशा.
एक सोडून.
डावीकडची. केसाएवढी.

पुन्हा तापवतो. काळोख. सगळं विसरलेलं.
पुन्हा निववतो. पट्ट्या भलतीकडेच,
पण ती एक आपल्याच जागी.
चार वेळा.
वहीत लिहितो: ऑक्सिजनची उणीव असावी,
आणि पुढे प्रश्नचिन्ह.
यादविगा बराच वेळ डोळा लावून बसते.
म्हणते, "हिला राहू दे."
चष्मा पुसते. कपाटात काहीतरी शोधत राहते,
जे तिला कुठे आहे ते माहीत असतं.

शुक्रवारी ती यायच्या आधी
मी काडी टाकून चिमटा घेतला.

टिक.

नख कापल्याएवढा आवाज.
पट्टी होती तिथेच बरोबर दोन तुकडे,
आणि दोन्ही, चहूबाजूंनी फिरवून पाहिले,
आतून एकदिश, निर्दोष.
प्राध्यापक म्हणाले, उत्तम, एकाचे दोन मिळाले.

यादविगाने कोट खुंटीला लावला,
ट्रेकडे पाहिलं, मला काहीच बोलली नाही.
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.
धाकटा बोटाला थुंकी लावून उचलला,
कुपीत टाकला, बूच दाबलं,
कागदाची चिठ्ठी डकवली
आणि खिशातून पेन्सिल काढून
त्यावर आजची तारीख घातली.

वर ट्राम वळली.
कुपीत तो थोडा वाजला.