पेर

कुकुडवाडच्या माळावर, पस्तीस फूट खाली,
यारीच्या पाटीतून उतरले तेव्हा
आप्पा कातळाला कान लावून उभे होते.
वर दुपार. खाली सुरुंगाच्या दारूचा शिळा वास,
ओल कुठेच नाही.

उतरताना मी मोजत आले होते:
हातभर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या,
त्यात पांढऱ्या गारा, भाकरीत न विरघळलेल्या मिठाच्या खड्यांसारख्या.
मग गेरूचा लाल पट्टा, वीतभर.
दोन लाव्हांच्या मधली ती लांबलेली उसंत;
केवढं ऊन पडलं असेल तिच्यात,
मोजायला कुणी नव्हतं.
मग पुन्हा काळा पाषाण.
सगळं आडवं. घडी घालून रचलेल्या वाकळा.

पण डोंगराकडच्या अंगाला थर नव्हतेच.
तिथं वरपासून खालपर्यंत एकच दगड,
त्याची सहा कोनांची टोकं आमच्याकडे रोखलेली,
जळणाची थप्पी रचावी तशी.
आप्पा म्हणाले,
"ह्यो निजून न्हाय आला. ह्यो उभ्यानं आलाय."

कराडच्या कॉलेजात याला तीन तास लागले होते,
आणि फळाभर आकृती.

तरी मी सांगत बसले.
की जमीन ताणली गेली, आप्पा,
मावळतीकडून ओढ लागली आणि तडा गेला,
आणि तडा रिकामा राहिला नाही.
खालून शिलारस चढला. तड्याच्या मापाचा झाला.
कडेला गार खडक लागला तिथं आखडला,
हा बघा, काचेसारखा बारीक;
आत निवांत निवला, म्हणून
सुरुंगानं पाडलेल्या या खोबणीत
हात घालाल तितका दाणा जाड.
एक तुकडा तर सुटून गेला तो गेलाच.
लांब समुद्रात बेटं आहेत त्याची. सेशेल्स.
आप्पांनी ते नाव दोनदा विचारलं
आणि सोडून दिलं.

आणि समुद्राच्या तळाला, मधोमध,
ते काम अजून बंद नाही.
फाटतं, भरतं.
भरलेलं निवतं न निवतं तोच पुन्हा मधून फाटतं,
भिंतीत भिंत घुसते,
जुनी अर्धी इकडे, अर्धी तिकडे.
नव्या भिंतीला एकच कड शिल्लक राहते कधीकधी,
दुसरी शोधायला समुद्र ओलांडावा लागतो.
तिथली भुई अशीच, भिंतीला भिंत लागून.

"किती सरकतं?"
"वर्षाला एक पेर."

आप्पांनी डावा हात उजेडात धरला.
करंगळीशेजारच्या बोटाला वरचं पेर नाही.
विट्याच्या खाणीत, न उडालेला बार चाचपताना.
मी पाचवीत होते तेव्हा; रक्ताचं फडकं
आईनं मला दाखवलं नव्हतं, मी पाहिलं होतं.

"आन् मोकळी जागा?"
"राहत नाही. खालून भरून येते."

ते बराच वेळ हात तसाच धरून उभे.
"दगडाचं बरं हाय," म्हणाले.

वरून विश्वंभर खाडे ओरडले, काय ठरलं?
आणखी चार बार टाका की, फुटंल!
त्यांच्या आवाजाबरोबर थोडी माती खाली आली.

आप्पांनी हातोडी मारली. खण्ण.
मग गुडघ्याच्या उंचीवर. तेही खण्ण,
पण मागे काहीतरी
भरल्या घागरीवर टिचकी मारावी तसं.
मला खरंच ऐकू आलं की त्यांनी सांगितलं म्हणून,
ठाऊक नाही.
"डोंगराचं पानी हिनं अडवून धरलंय," ते म्हणाले.
"बार टाकला तर ती तडकंल, पानी जाईल भलतीकडं.
उद्या आडवं भोक मारू. एकच. हितं."
खडूनं फुली केली.

भिंत किती रुंद, विचारलं मी.
"पलीकडं गेल्यावर कळंल.
तुझं पुस्तक काय म्हनतं?"
पुस्तक म्हणतं, दोन हात. किंवा वीस.

निघताना त्यांनी राड्यातून एक तुकडा उचलला,
सहा कोनांचा, मनगटाएवढा जाड,
तीन बोटं आणि एका अर्ध्यानं पेलून पाहिला.
"टाकी लावायचीबी गरज न्हाय.
कोपरे घासले की वरवंटा."

पाटी वर निघाली.
आधी वरवंटा. मग मी.
आप्पा खालीच, फुलीला पाठ टेकून, बिडी पेटवत.