साडेनऊ घोडे

वडिलांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं
लाकडांच्या बिलामागे:
बोट एल्डनला. इंजिन विल्माला.
वकिलानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत होतो,
बघण्यासारखं काही नव्हतं, त्याच्या गाडीवरचा बर्फ सोडून.

आमचं फाटलं त्याच वर्षी, उत्तरेच्या किनाऱ्यावरून.
तो म्हणाला विकू, मी म्हणाले नको,
आणि विकला गेलाच.
आता तिथं टोरोंटोच्या दातांच्या डॉक्टरचं घर आहे.
खालच्या मजल्यावर नुसत्या बोटी झोपतात.
त्या घराचीही चावी माझ्याकडे.
ऑक्टोबरात मी नळांतलं पाणी काढते, सापळे मांडते,
मेमध्ये उंदीर मोजते.
एकूण सदतीस चाव्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा.

अकरा वर्षं झाली.
दुकानात समोर आलो तर तो खिळ्यांकडे वळतो,
मी रंगांच्या डब्यांकडे.
घरात एवढा रंग साठलाय, भिंती कमी पडतात.

पण एप्रिलअखेर तलावावरचा बर्फ काळा पडतो,
आतून पोकळ होत जातो पोळ्यासारखा,
आणि एका रात्री वारा त्याला किनाऱ्यावर ढकलतो,
अंधारात कुणी काचेची भांडी विसळावी
तसा आवाज पहाटेपर्यंत.
त्यानंतर कधीतरी फोन वाजतो.
"इंजिन चालतंय?"
"चालतंय."
"पिकरेल उघडतात त्या शनिवारी. पाचला."

मी हातगाडीवरून इंजिन धक्क्यापर्यंत आणते.
तो बोटीत पाय फाकून उभा.
मी देते, तो घेतो,
क्षणभर सगळं वजन दोघांच्या हातात असतं
आणि कुणीच आधी सोडत नाही.

मग तो पुढं बसतो, पाठ माझ्याकडे करून.
दोरी ओढायची मी.
एक हिसका. दुसरा. वडिलांची ती शिवी. तिसरा.
निळा धूर पाण्यावर बसून राहतो.
काळ्या माश्या त्याच्या कानामागे रक्त काढतात,
तो हलत नाही, मी सांगत नाही.
आम्ही नुसत्या नामांत बोलतो,
क्रियापदं किनाऱ्यावर ठेवून:
"खडक."
"जाळं."
"कॉफी."
एक लून बोटीशेजारी वर येतो,
लाल डोळ्यानं आम्हाला बघतो आणि परत बुडतो,
चुकून दुसऱ्यांच्या घरात शिरल्यासारखा.

दुपारी धक्क्यावर मासे साफ करताना
तो गालाचे तुकडे वेगळे काढतो,
नखाएवढे, सगळ्यात गोड.
माझ्या डब्यात टाकतो. न मोजता.

गेल्या हिवाळ्यात हार्डवेअरच्या मर्लनं सांगितलं:
एल्डननं नवं इंजिन घेतलंय, पंधराचं,
दोन वर्षं झाली, खोकंही फोडलेलं नाही,
शेडमध्ये घोंगडीखाली आहे.
"मी सांगितलं म्हणू नकोस."
मी कशाला म्हणू.
माझ्या घरामागे अ‍ॅल्युमिनियमची बोट पालथी पडलीय,
डॉक्टरच्या बायकोनं फुकट दिलेली, रंग जुळेना म्हणून.
रस्त्यावरून सरळ दिसते.
आणि आमच्या रस्त्यावरचा बर्फ हटवायचा ट्रक
नोव्हेंबरपासून कोण चालवतो,
ते सगळ्या गावाला माहीत आहे.

काल फोन वाजला तेव्हा
स्वयंपाकघराच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर,
कार्बोरेटर उघडा पडला होता,
जेट एका बशीत, तरंगणारा गोळा दुसऱ्या बशीत,
एक स्प्रिंग सकाळपासून सापडत नव्हती,
आणि पावालाही पेट्रोलचा वास लागला होता.
"इंजिन चालतंय?"
मी पायानं टेबलाखाली चाचपत राहिले.
"चालतंय," म्हणाले.