काय दिसते गा?

होडीत चौघं वल्हवतात, चौघं पाठमोरे.
जिकडं जायचं तिकडं पाठ.
एकटा कॉक्स तेवढा पुढं बघतो.
तो मी : कवडू तुमसरे, बेचाळीस किलो,
धिवराघरचा, बी.ए. भाग दोन.

स्ट्रोकला हेमराज टेंभरे,
त्याचे गुडघे दर हाताला माझ्या पोटाशी यायचे.
अंबाझरीच्या पाण्यावर पहाटे साडेपाचला
तो धापेतून विचारायचा, काय दिसते गा?
मी सांगायचो. धुकं. पाणकोंबडी.
मग पिवळा बोया, मग काठ.

विद्यापीठांच्या स्पर्धेत आम्ही हरलो
होडीच्या नाकावरच्या रबरी चेंडूएवढ्या अंतरानं.
तो चेंडू त्यानं मागून घेतला.
अजून गिरणीच्या गल्ल्यात आहे, चिल्लरखाली.

बाप गेला तेव्हा त्याचा शेवटचा पेपर राहिला होता.
बोदलबांधला आला, धानाची गिरणी उघडली,
कोंड्यानं भुवया पांढऱ्या करून बसला.
पट्ट्याचा जोड दर फेरीला फटकन वाजायचा;
पावतीपुस्तक सारून तो मोजत राही.
मिनिटाला बत्तीस. "आपलाच रेट, कवडू."
तोवर मी हिशेबाला लागलो होतो.

दुसरी गिरणी. साकोलीच्या रस्त्यावर गोदाम.
बँकेच्या प्रत्येक कागदाआधी तेच :
काय दिसते गा?
एकदा मी म्हटलं, मोकळं पाणी,
आणि लेव्हीच्या तांदळात दोन वर्षं बुडाली.
तो बोलला काहीच नाही.
नागपूरहून मला नवा चष्मा आणला,
सोनेरी काडीचा.

मग एका पौषात धानाच्या ट्रकवर होडी आली,
पुण्याच्या कॉलेजची, जुनी, दोन जागी डांबर.
ट्रकच्या मागं पाच हात बाहेर,
शेपटाला लाल चिंधी.
पाळीवर आमचे म्हातारे जमले.
माझा काका म्हणाला,
"हिच्यात मासोळी ठेवतेत कुठं?"

संस्थेची मीटिंग तीन रात्री चालली.
शिंगाड्याचे वाफे कुणी हलवायचे,
जाळं फाटलं तर भरून कोण देईल.
हेमराजनं लिहून दिलं. खाली सही माझी पण.
पाचशे मीटर मिळाले, वाकडे,
मधात एक बुडलेलं मोहाचं खोड.

पोरं गिरणीच्या काट्यावर वजन करायची,
तांदळाच्या पोत्यांमधात.
मुलं दोन महिन्यांत पांगली, सुरतेला, कुठं कुठं.
मुली राहिल्या.
पुस्तकला वलथरे, वय सोळा,
हाताला आधीच घट्टे, बापाच्या डोंग्याचे.
हेमराज तिचे तळवे बघून गप्प झाला.
त्यानं स्वतःचे कित्येक वर्षांत बघितले नव्हते.

दूध, अंडी, रेल्वेचं भाडं, चार जोडी बूट,
वहीत मी लिहायचो "किरकोळ".
त्याच्या मोठ्या पोरानं ती वही पकडली.
"बाबा, हे किरकोळ गिरणीपेक्षा मोठं झालं."
हेमराज म्हणाला, "मग गिरणी किरकोळात लिही."
हसलं कुणीच नाही.

राज्याच्या स्पर्धेत मुली पाचव्या आल्या.
सहा होड्या होत्या.
येताना डब्यात त्या चकल्या खात होत्या,
तो खिडकीशी, गाडीच्या दिशेला पाठ करून.

यंदा त्याचा डावा हात गेला.
दिवाळीनंतर म्हणाला, मला तुझ्या जागी बसव.
ऐंशी किलोचा माणूस कॉक्सच्या खोबणीत.
होडीचं शेपूट बसलं, नाक वर आलं.
मी पाळीवर उभा, आयुष्यात पहिल्यांदा
त्याला जाताना समोरून न बघता.

पुस्तकला ओरडली, "काका, दिशा सांगा!"
तो काही सांगेना.
सुकाणूची दोरी उजव्या मुठीत तशीच.
होडी गेली सरळ शिंगाड्यात.
चारी पोरी वल्ही उचलून, हिरव्या वेलांनी भरलेली,
शिव्या कुणाला द्याव्या त्या विचारात.

आणि वेलांमधून त्याची हाक आली :
"कवडू, अरे इथून तर
सारंच दिसते गा.
सांगितलं नाही कधी?"