वावराले बारा

कळमेश्वरच्या नाक्यावर चिंधूजी भोयरांची पंक्चरची टपरी.
कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि ते
मागच्या चाकाशी उकिडवे बसून
व्हॉल्व्हला कान लावतात,
कोणी आतून गाऱ्हाणं सांगावं तसे.

मी म्हणालो, टाकी पुरत नाही.
सोयाबीन निघालं, हरभऱ्यासाठी कल्टिव्हेटर घातला,
एकरी चार लिटरच्या कामाला पाच लागताहेत.
फिल्टर बदलला, नोझल बदलली,
पंपावरच्या पोराला शिव्याही देऊन झाल्या.

"हवा किती आहे?"
"टणक आहे. मुठीनं ठोकून पाहा."
"मुठीनं काय समजते बे? तबला आहे का थो?"

गेज लावला. अठ्ठावीस.
त्यांनी पिन दाबली
आणि हवा सुटली,
रबराच्या, बंद खोलीच्या वासाची,
दिवाळीआधी पैसे मोजून भरलेली.
भर रस्त्यात अशी सोडून देताना
जीव कसनुसा झाला.

बारावर थांबले.
चाकाचं पोट जरा सुटलं,
पंगतीतून उठलेल्या माणसासारखं.

वावरात चाकावर खडूची रेघ ओढली.
बायको, रंजना, बांधाबांधानं मोजत चालली:
चाकाचे दहा फेरे, सेहेचाळीस पावलं.
आदल्या दिवशी तेवढ्याच फेऱ्यांत चाळीस भरली होती.

सहा पावलं.
काळ्या मातीत खुरं घासत
जागच्या जागी चाललेली सहा पावलं,
धूर काढत, घाम गाळत,
आणि मी वर बसून समजत होतो
की पुढे जातोय.

रंजना काही बोलली नाही.
डिझेलच्या वहीत तिनं तारीख लिहिली.

मग आंबिया बहाराची संत्री भरून कळमन्याला निघालो
त्याच बारावर. आळस, दुसरं काय.
काटोल रोडवर चाकं डांबराला चिकटून चालली,
गोरेवाड्यापर्यंत रबर हाताला चटका देऊ लागलं,
ट्रॉली ओढताना इंजिन कण्हत होतं
आणि काटा पुन्हा खाली.

चिंधूजी परत येताना भेटले. हसले नाहीत.
"अर्धंच ऐकलं तू.
वावराले बारा, सडकीले वीस."

आता खिशात पेनच्या जागी गेज असतो.
वावराच्या तोंडाशी हवा सोडतो,
निघताना पायपंपानं भरतो, पिंढऱ्या भरून येतात,
येणारे-जाणारे विचारतात, पंक्चर का?
नाही म्हणतो.
व्हॉल्व्हला कान लावून पाहतो मीही.
मला अजून काही ऐकू येत नाही.