तीन की आठ

तो अहवाल मी तीनदा टाइप केला.

पहिल्यांदा, आग पुरती विझायच्या आधी.
चार नंबरच्या स्तंभात दाब वाढला,
झडप वेळेवर उघडली गेली नाही,
मृत सात. कारण: अपघात.
कार्बनच्या कागदानं बोटं काळी,
आणि बाहेर प्लोएश्टीत भर दुपारी
लोकांनी दिवे लावलेले,
इतका धूर.

दुसऱ्यांदा एक जर्मन मेजर
माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.
हातमोज्यांना लव्हेंडरचा वास.
शब्द चुकला, फ्रॉयलाइन, म्हणाला.
मी 'अप' खरवडून काढलं,
शेवटी 'पात' जोडलं.
मधला घात होता तिथेच राहिला,
त्याला हातही लावावा लागला नाही.

त्या रात्री स्पिरिदोनच्या घरातल्या
फळ्या उखडल्या. सापडल्या
कांद्याच्या माळा, देवळातली अर्धी मेणबत्ती,
मेव्हण्याचं पत्र, त्यात मक्याचा भाव.
मेलेल्याला पकडता येईना
म्हणून इलिन्काला नेलं.
अकरा दिवसांनी आली
ती दार डाव्या हातानं लोटत.

तिसऱ्यांदा सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये.
राज्य बदललेलं, खुर्ची तीच.
या वेळचा कॉम्रेड सर्दीनं बेजार होता.
घातपातच राहू द्या, म्हणाला नाक पुसत,
फक्त त्याच्याआधी 'शूर' घाला.
भिंतीत संगमरवरी पाटी बसली,
इलिन्काला पेन्शन, महिन्याला दोन किलो साखर.
पाटीवर नाव एकच.
बाकीचे सहा काही शूर नव्हते,
नुसते जवळ उभे होते.
त्यातला जेलू तेलाची बुधली घेऊन चाललेला,
चौदा वर्षांचा,
खिसे सूर्यफुलाच्या बियांनी भरलेले.

मला मात्र चष्म्याचं माहीत होतं.

ऑक्टोबरात फुटला तो. काचा मिळत नव्हत्या,
सगळ्या आघाडीवर जात, दुर्बिणींत.
मंगळवारी स्पिरिदोन पगाराची चिठ्ठी घेऊन
माझ्या खिडकीशी आला,
आधी नाकाला टेकवून, मग हात लांब करून बघितली.
सांग ना व्हिओरिका, हा तीन आहे की आठ?
आमच्या आकड्यांत
तिनाचं तोंड मिटलं की आठ होतो.
गुरुवारी रात्री, वाफेत,
काटा कोणत्या आकड्यावर होता
ते त्याला कोण वाचून दाखवणार होतं?

मेजरला हे सांगितलं असतं
तर इलिन्काचा हात वाचला असता.
नाही सांगितलं. भ्याले.
कॉम्रेडला सांगितलं असतं तर साखर गेली असती.
तेही नाही सांगितलं, आणि त्याला मी
चांगुलपणा म्हणत आले, इतकी वर्षं.
माझ्या तोंडाचाही आठ झाला.

आता मलाच जाड चष्मा आहे.
परवा कोटाचं बटण लावायला बसले,
सुईच्या नेढ्यात दोरा जाईना,
आणि एकदम आठवलं:
तोच आठवडा. बुधवार.
बटण माझंच तुटलेलं, याच कोटाचं बहुतेक.
स्पिरिदोननं माझ्या हातून सुई घेतली,
दोरा ओठांत ओला केला,
दिवेलागणीच्या उरल्यासुरल्या उजेडात
एका झटक्यात ओवला.
चष्म्याशिवाय.
गाठसुद्धा मारून दिली, बारीक, नीट.

मग मंगळवारी, चार लोक रांगेत असताना,
मोठ्यानं,
तो मला काय विचारत होता?
आणि जेलू तिथून जातो हे
त्याला ठाऊक होतं?

बटण मांडीवर पडलंय.
दोरा ओठांत धरून
मी अजून तशीच बसले आहे.