नाव टाकायचं का?

अण्णा मगदुमांच्या भांड्याच्या दुकानाची
तिसरी पायरी माझी.
सांगलीत, गणपती पेठेत कुणालाही विचारा,
दस्तगीर कोरणारा कुठं बसतो.
अक्षराला दोन रुपये, काना-मात्रा फुकट.
म्हणून माणसं नावं आखूड करायची,
"सप्रेम भेट"चं "स. भेट",
मामाचं मात्र पूर्ण, आडनाव-गावासकट,
कारण तांब्याचे पैसे मामाच देणार.

एकोणीसच्या महापुरात मशीन बुडालं.
शटरच्या कुलपावर दोन हात पाणी.
पण ते दिसत तरी होतं,
उतरलं तेही दिसलं.
गाळ उपसला, मोटर उन्हात वाळवली,
आणि ती पुन्हा किरकिरायला लागली.
ह्या वेळी पेठ कोरडी ठणठणीत
आणि कुलूप जसंच्या तसं.

भांडी अत्यावश्यक नाहीत, असा कागद निघाला.
शिजवायचं कशात, ते त्यात लिहिलं नव्हतं.
ऐन लग्नसराई. आत खोक्यांत
दोनशे तांबे, कोरे,
एकाच्याही पोटावर कुणाचा मामा नाही.
पिग्मीवाला संकपाळ रोज फोन करायचा,
पैशासाठी नाही, नुसतं, "जेवला का?"
त्याचं पोटही आमच्या दहा-वीस रुपयांवरच.
मी गाड्यावर लिंबं विकली.
लिंबाला तेव्हा सोन्याचा मान.
पोलिसानं एकदा गाडा उलटा केला,
मग स्वतःच चार लिंबं उचलून दिली.
मी त्याला दोन ठेव म्हणालो.

दुसऱ्या लाटेत अण्णांनी मागच्या बोळातून हाक मारली.
अर्धं शटर. आत माणसं, नाक-तोंड बांधलेली,
हातात जेवणाचे डबे.
मिरजेच्या दवाखान्यात शंभर डबे एकसारखे,
ह्याचा त्याला जातो, पथ्याचा साखरेवाल्याला.
"नाव टाका. वॉर्ड टाका. खाट नंबर टाका."
मी टाकत गेलो.
आयुष्यात एवढं काम एका आठवड्यात केलं नव्हतं
आणि एवढ्या कामाची लाज कधी वाटली नव्हती.
आकड्याचे पैसे घेतले नाहीत. अक्षरांचे घेतले.
घरी दोन पोरं होती, काय करू.

शोभाताई ऐनापुरे तीनदा आल्या.
पहिल्यांदा: बापू ऐनापुरे, वॉर्ड ४, खाट १४.
दुसऱ्यांदा, "खाट बदलली, चौदा खोडा."
स्टीलवर खोडता येत नाही, ताई.
चौदाच्या खाली नऊ काढला.
तिसऱ्यांदा नऊच्या खाली
"अति." एवढंच, अतिदक्षताचं,
त्या म्हणाल्या, पूर्ण शब्द नको.
मला वाटलं पैशासाठी.
मी म्हणालो, घेत नाही, पूर्ण टाकतो.
त्या नको म्हणाल्या.

पेठ उघडली. आधी एक दिवस डावी बाजू, एक दिवस उजवी,
मग दोन्ही, पण सगळी नाही.
समोरचा बांगडीवाला परत आलाच नाही,
त्याच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं.
लग्नं पन्नास माणसांत, आहेर फोनवर.
तांबे अजून निम्मे आत आहेत.

परवा मोडीत द्यायला शोभाताईंनी डबा आणला.
अण्णांनी काट्यावर ठेवला. सहाशे चाळीस ग्रॅम.
मी कोरताना जेवढं स्टील उडतं,
फुंकर मारली की पायरीवर चमकतं,
त्यानं काटा हलत नाही,
हे मला तीस वर्षं माहीत आहे.
तरी मी काट्याकडंच बघत राहिलो.
अण्णांनी भाव सांगितला.
त्यांनी घासाघीस केली, जमली,
वर सत्तर रुपये घालून
दुधाचं लहान पातेलं घेतलं, एका माणसापुरतं.

पायऱ्या उतरताना, सवयीनं, माझ्या तोंडून गेलं,
"नाव टाकायचं का, ताई?"
त्यांनी पातेलं पिशवीत ठेवलं,
पिशवीची गाठ मारली.
"कशाला? आता हे कुठं
बाहेर जायचंय."